परंपरेचे ज्ञान आणि त्यावरील हक्क
(कागल तालुक्यातील उदाहरणांसह एक अभ्यास-पाठ)



जमीन, विहीर, बैल आणि अवजारे ही शेतकऱ्याची मालमत्ता होय, हे कोणासही सांगावे लागत नाही. सातबारा पाहिला की जमीन कोणाची ते कळते. बांध कोरला तर मोजणी मागविता येते. परंतु शेतकऱ्याजवळ आणखी एक मालमत्ता असते, ती म्हणजे त्याचे ज्ञान. कोणत्या जमिनीत कोणते वाण धरते, काहिलीतील रस केव्हा उतरवावा, बियाण्याला कीड लागू नये म्हणून कोणता पाला वापरावा, हे ज्ञान त्याला वाडवडिलांकडून मिळालेले असते व स्वतःच्या अनुभवाने तो त्यात भर घालीत असतो. या मालमत्तेचा सातबारा नसतो. म्हणूनच तिच्यावर दुसऱ्याने हक्क सांगितला तर काय करावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. गेल्या तीस वर्षांत आपली हळद, आपला कडुनिंब, आपले बियाणे आणि आपल्या तालुक्यातील कापशीची चप्पल या सर्वांच्या बाबतीत तो प्रत्यक्ष उद्भवला आहे. प्रस्तुत पाठात या प्रकरणांचा विचार करून त्यांतून गावाने कोणता बोध घ्यावयाचा, हे पाहावयाचे आहे.

१. पेटंट म्हणजे काय?

एखाद्याने नवी वस्तू किंवा वस्तू तयार करण्याची नवी रीत शोधून काढली, तर तिचा व्यापारी उपयोग इतरांनी त्याच्या परवानगीवाचून करू नये, असा हक्क शासन त्याला ठराविक मुदतीपर्यंत देते. या हक्कास पेटंट किंवा एकस्व असे म्हणतात. हल्ली ही मुदत वीस वर्षांची आहे. पेटंट मिळण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : शोध नवीन असला पाहिजे, तो त्या विषयातील जाणकारास सहज सुचण्यासारखा नसावा आणि त्याचा उद्योगात उपयोग झाला पाहिजे.

यांतील पहिली अट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जी गोष्ट लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे, ती नवीन नव्हे. तिच्यावर कोणासही पेटंट मिळू नये. परंतु “लोकांना ठाऊक आहे” हे सिद्ध कसे करावयाचे? साऱ्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

२. हळदीचे प्रकरण

जखमेवर हळद दाबावी, हे आपल्याकडे लहान मुलासही माहीत असते. असे असताना मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याबद्दल पेटंट देण्यात आले.

हे घडले कसे, असे कोणीही विचारील. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात एक विशेष तरतूद होती. परदेशातील लोक एखादी गोष्ट प्रत्यक्ष वापरीत आहेत, एवढ्यावरून ती जुनी ठरत नसे. ती छापील स्वरूपात कोठेतरी नमूद झालेली असावी लागे. म्हणजे भारतातील कोट्यवधी घरांतील व्यवहारापेक्षा एका छापील पानाचे वजन अधिक होते. हा नियम अमेरिकेने २०१३ पासून बदलला. परंतु १९९५ साली तोच लागू होता.

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या व मराठी शाळेत शिकलेल्या या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली परिषदेने बत्तीस लेखी पुरावे सादर केले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते. त्यांपैकी काही शंभर वर्षांहून अधिक जुने होते. भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने परिषदेचे म्हणणे मान्य केले व ते पेटंट रद्द ठरविले.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घ्यावा. हळद वापरण्यास आपणांस कोणी मनाई केली होती व ती उठविली गेली, असे नव्हे. अमेरिकन पेटंट अमेरिकेतच चालते. आपल्या घरातील हळदीस त्याची बाधा नव्हती. बाधा होती ती तेथे माल पाठविणाऱ्याच्या व्यापारास आणि ज्ञान मूळचे कोणाचे या सत्यास. दुसरी गोष्ट अशी की, हा निकाल आपल्या बाजूने लागला तो पुरावा लिहिलेला होता म्हणून. जे औषध केवळ एखाद्या वस्तीवरील वृद्धेच्या स्मरणात होते, त्याच्यासाठी त्या कार्यालयात उभे राहण्यास काहीही आधार नव्हता.

३. कडुनिंब आणि सांगली जिल्ह्यातील शेत

कडुनिंबाचे प्रकरण याहून लांबले. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे शेती खाते व तेथील एक मोठी कंपनी यांना, कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या रीतीबद्दल पेटंट दिले. त्यास १९९५ साली भारतातील व युरोपातील संस्थांनी हरकत घेतली.

येथे कायदा वेगळा होता. युरोपात प्रत्यक्ष वापर हाही पुरावा मानला जातो, मग तो कोणत्याही देशातील असो. म्हणून पुण्याच्या एका कारखानदाराची साक्ष महत्त्वाची ठरली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर त्यांनी कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग घेतले होते. पेटंटाचा अर्ज होण्यापूर्वीच हे काम आपल्या शेजारच्या जिल्ह्यात उघडपणे झाले होते, ही गोष्ट त्यावरून पुढे आली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावर अपील झाले, तेही मार्च २००५ मध्ये फेटाळण्यात आले. हरकत घेतल्यापासून अखेरच्या निकालापर्यंत सुमारे दहा वर्षे लागली.

शेतावर घेतलेला प्रयोग, त्याची तारीख, त्याचे ठिकाण व तो पाहिलेला साक्षीदार यांना किती मोल आहे, हे या प्रकरणावरून कळून येते. प्रगतिशील शेतकऱ्याने आपल्या प्रयोगाची वही ठेवावी, असे कृषि खाते नेहमी सांगत आले आहे. ती वही पुढील हंगामात उपयोगी पडतेच. प्रसंगी ती हक्काचा पुरावाही होऊ शकते.

या दोन प्रकरणांनंतर शासनाने दोन उपाय योजले. २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय सुरू करण्यात आले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी पद्धतींच्या जुन्या ग्रंथांतील माहिती पाच परकीय भाषांत मांडून निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांस तपासणीसाठी उपलब्ध करून दिली जाते. तसेच २००२ च्या दुरुस्तीने आपल्या पेटंट कायद्यात असे नमूद झाले की, जे पारंपरिक ज्ञान आहे तो शोध नव्हे.

४. नावाचा हक्क : कोल्हापुरी गूळ

आता आपल्या घरच्या विषयाकडे वळू. दूधगंगा, वेदगंगा व चिकोत्रा या नद्यांच्या खोऱ्यांतील ऊस आणि त्यापासून गुऱ्हाळात तयार होणारा गूळ हे कागल तालुक्याचे जुने वैभव आहे. चांगला गूळ केवळ उसामुळे होत नाही, तो गुळव्याच्या हातामुळे होतो. काहिलीतील रस तापू लागला की रानभेंडीचे पाणी घालून मळी वर आणावयाची, ती वेळेवर काढावयाची, चुलवाणातील जाळ कमी-अधिक करावयाचा, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते की नाही ते पाहावयाचे आणि नेमक्या क्षणी काहील उतरवावयाची. क्षणभर उशीर झाला तर रंग जातो. घाई झाली तर रवा धरत नाही. हे ज्ञान शाळेत मिळत नाही; गुळव्याच्या शेजारी उभे राहून ते उचलावे लागते.

अशा मालाचे संरक्षण पेटंटाने होत नाही, कारण रीत जुनी आहे. त्यासाठी दुसरा कायदा आहे. मालाचे भौगोलिक मानांकन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. एखाद्या मालाचा गुण किंवा लौकिक त्याच्या ठिकाणामुळे असेल, तर त्या ठिकाणाचे नाव त्या मालासाठी नोंदविता येते. नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते, ती दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करावे लागते. कोल्हापूरच्या कृषि उत्पन्न बाजार समितीने अर्ज केल्यावरून “कोल्हापुरी गूळ” या नावास २०१४ साली मानांकन मिळाले. आपल्याच जिल्ह्यातील आजरा घनसाळ तांदळास २०१६ साली, तर शेजारच्या सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली व हळदीस २०१८ साली ते मिळाले.

या हक्काचे स्वरूप जमिनीच्या हक्काहून वेगळे आहे. हे नाव एका माणसाच्या मालकीचे नसते. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. त्या क्षेत्रातील ठरलेल्या रीतीने माल करणाऱ्या सर्वांचे ते असते. मात्र त्याचा कायदेशीर उपयोग करावयाचा तर उत्पादकाने “अधिकृत वापरकर्ता” म्हणून आपली नोंदणी करून घेतली पाहिजे. अनेक ठिकाणी नेमके येथेच घोडे अडते. मानांकनाचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर राहते आणि गुऱ्हाळमालकाला त्याचा पत्ताही नसतो.

बाहेरचा गूळ “कोल्हापुरी” म्हणून विकला जातो, ही आपली जुनी तक्रार आहे. कायद्यात अशा खोट्या वापराबद्दल कैद व दंड यांची तरतूद आहे. परंतु तक्रार करणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. आपणच रसात साखर मिसळली, किंवा रंग उजळावा म्हणून गंधकयुक्त पावडर बेसुमार वापरली, तर ते नाव आपणच बुडविले असे होईल. नावाचे संरक्षण न्यायालय करील. नावामागील गुणाचे संरक्षण काहिलीजवळच झाले पाहिजे. शुद्ध गूळ करण्याच्या सुधारलेल्या रीतीसंबंधी कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे विचारणा करावी.

५. कापशीची चप्पल : नाव आणि घाट

चिकोत्रेच्या काठी वसलेले सेनापती कापशी हे आपल्या तालुक्यातील गाव. कोल्हापुरी चपलेचा एक नामांकित प्रकार याच गावाच्या नावाने, “कापशी” म्हणून, ओळखला जातो. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिलाई, खिळ्याचा अभाव, दोन्ही बाजूंचे कान व वरची वेणी ही या कारागिरीची ओळख होय. चर्मकार समाजातील कारागिरांनी, त्यांतही शिलाई व वेणीकाम करणाऱ्या स्त्रियांनी, पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान जतन केले.

कोल्हापुरी चपलेचे मानांकन डिसेंबर २०१८ मध्ये नोंदले गेले. महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याकडे ते संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश होतो. राज्याची सीमा मध्ये असली तरी कारागिरी एकच आहे, हे येथे मान्य झाले.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात कोल्हापुरी घाटाच्या चपला होत्या. परंतु त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे मोठा आक्षेप घेतला गेला. त्यानंतर कंपनीने महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेस पत्र लिहून, या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात यासंबंधी जनहित याचिका दाखल झाली होती. ती जुलै २०२५ मध्ये फेटाळण्यात आली. ज्यांच्या नावे मानांकन नोंदलेले आहे, त्यांनी स्वतः दाद मागावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार करून, महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून मर्यादित संख्येने चपला करून घेण्याचे जाहीर केले.

या प्रकरणातून कायद्याची एक मर्यादा लक्षात घ्यावी. भौगोलिक मानांकन हे प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. घाटाचे किंवा रीतीचे नव्हे. “कोल्हापुरी” हे नाव न लावता कोणी तसाच घाट काढला, तर मानांकनाचा कायदा तेथे पुरा पडत नाही. येथे करार झाला तो मुख्यतः जनमताच्या रेट्यामुळे व कारागिरांच्या मागे नोंदणीकृत संस्था उभ्या होत्या म्हणून. संघटना नसलेल्या एकट्या कारागिरास हे साधले नसते.

६. बियाण्याचा हक्क

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या आढळल्या. त्या त्यांनी बाजूस ठेवल्या, निवड करीत करीत वाण स्थिर केले आणि त्यातून बारीक दाण्याचा, अधिक उतारा देणारा तांदूळ तयार झाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास “एचएमटी” हे नाव पडले. शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे ते बियाणे दूरवर गेले. पुढे कृषि विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून १९९८ साली ते “पीकेव्ही-एचएमटी” या नावाने प्रसारित केले. दादाजींना २००५ साली राष्ट्रीय पातळीवरील नवप्रवर्तनाचा पुरस्कार मिळाला, त्यांनी आणखीही वाणे काढली. परंतु त्यांच्या वाणाने अनेकांची घरे भरली असता त्यांचे स्वतःचे आयुष्य हलाखीत गेले. जून २०१८ मध्ये ते वारले.

त्यांनी वाण काढले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणास मान्यता देणारा कायदा नव्हता. आज तो आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, २००१ यातील पुढील तरतुदी प्रत्येक शेतकऱ्यास माहीत असाव्यात :

(अ) संरक्षित वाण असले तरी शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाण-घेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी छापील पिशवीत, त्या नावाच्या शिक्क्याने विकता येत नाही.

(आ) शेतकऱ्याने स्वतः काढलेले किंवा परंपरेने राखलेले वाण त्याच्या अथवा गावाच्या नावे नोंदविता येते, व त्यासाठी त्यास फी पडत नाही.

(इ) विक्रेत्याने सांगितलेला उतारा बियाण्याने दिला नाही, तर नुकसानभरपाई मागता येते.

(ई) कायदा माहीत नसल्यामुळे शेतकऱ्याकडून अजाणता भंग झाला, तर तो गुन्हा धरला जात नाही.

हे हक्क केवळ कागदावरचे नाहीत. २०१९ साली गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्या नोंदणीकृत वाणाबद्दल मोठ्या रकमांचे दावे लावले. देशभरातील शेतकरी संघटनांनी वरील पहिल्या कलमाकडे बोट दाखविले आणि कंपनीने ते दावे मागे घेतले.

७. गावाची वही

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातील झाडे, पिकांची देशी वाणे, गुरांच्या जाती, औषधी वनस्पती आणि त्यांसंबंधीचे ज्ञान यांची “लोकजैवविविधता नोंदवही” तयार करणे हे तिचे मुख्य काम होय. भारतातील जैविक साधनसंपत्तीवर आधारलेल्या शोधासाठी पेटंट मागणाऱ्यास चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जावे लागते, आणि व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिक लोकांस देण्याची तरतूद या कायद्यात आहे. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नमूद असलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांस या वाट्यातून सूट मिळाली आहे. त्यामुळे जे ज्ञान ग्रंथांत नाही, केवळ लोकांच्या तोंडी आहे, त्याची नोंद काळजीपूर्वक होणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जाहीर नोंदीमुळे दुसऱ्यास पेटंट मिळणे कठीण होते. पण तीच नोंद वाचून दुसरा त्याचा उपयोगही करू शकतो. म्हणून एखाद्या वैदूने किंवा वृद्धेने आपले ज्ञान गुप्त ठेवण्याची इच्छा दर्शविली, तर तिचा मान राखावा. वनस्पतीचे नाव व “औषधी उपयोग आहे” एवढीच नोंद करावी. प्रमाण व कृती लिहू नये. सांगणाऱ्याच्या संमतीवाचून काहीही लिहू नये.

जगाचे मतही याच दिशेने वळत आहे. १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवरील अधिकार मान्य केला. २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे संमत झालेल्या करारानुसार, वनस्पती व तत्संबंधी पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या शोधाचे पेटंट मागताना त्यांचे मूळ स्थान सांगावे, हे तत्त्व प्रथमच स्वीकारले गेले.

८. गावात काय करावे?

(१) ग्रामसभेत समितीची नोंदवही मागवून वाचावी. ती केवळ कार्यालयात बसून भरलेली आहे की गुळवे, कारागीर, मेंढपाळ, सुईणी व वयस्क शेतकरी यांना विचारून केलेली आहे, हे पाहावे.

(२) गुऱ्हाळमालकांनी एकत्र येऊन, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीसाठी कोल्हापूरच्या बाजार समितीकडे चौकशी करावी. चर्मकारांनी आपल्या महामंडळाकडे तीच करावी.

(३) देशी वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्याने वाणाचे नाव, गुणधर्म, किती पिढ्यांपासून राखले व कोणास बी दिले, याची तारीखवार नोंद ठेवावी.

(४) बाहेरून कोणी नमुने किंवा माहिती गोळा करण्यास आला, तर त्याची परवानगी पाहावी व समितीस कळवावे. त्यास हाकलून देऊ नये. परंतु नोंद केल्यावाचून काही देऊही नये.

(५) कोणत्याही कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. हळदीच्या प्रकरणात लेखी पुरावा व कडुनिंबाच्या प्रकरणात प्रत्यक्ष प्रयोगाची साक्ष उपयोगी का पडली?
२. मानांकनाने कापशी चपलेचे काय सुरक्षित होते व काय होत नाही?
३. आपल्या गावातील कोणते ज्ञान आज एक-दोन वयस्क माणसांपाशीच उरले आहे? ते कोण व केव्हा नोंदविणार?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच हंगामात शोधावे. पुढील वर्षी ती माणसे सांगावयास असतीलच, असे नाही.